मिनिटभराची पट्टी

शंकर गेल्याची बातमी मला भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर कळली. मोहाडीचा एक विणकर हातातली पिशवी खाली न ठेवताच म्हणाला, "तुमचा शंकर मागावरच गेला नं." सव्वा महिना झाला, मनातली बोच जात नाही... कारण त्याच्या आठच दिवस आधी त्याच्या हृदयाची पट्टी मीच काढली होती.

दवाखान्यात ईसीजीचं यंत्र मी चालवतो. शंकर माझा शाळासोबती, पहिल्यापासून थट्टेखोर. विणता विणता चक्कर येते म्हणून थोरल्या भावाने त्याला आणलं होतं. छातीला रबरी वाट्या चिकटवताना म्हणाला, "काहून रे, आतलं सारं दिसते काय याच्यात? मंग बायकोले नको दाखवू." मी हसलो. कागद सरकला, सुईने ठोक्यामागे ठोका नीट काढला. डॉक्टरांचं मात्र समाधान होईना. वरच्या कप्प्यातून निघालेला विजेचा इशारा कधीकधी खाली पोचत नाही, तेवढा वेळ हृदय थांबतं, आणि मिनिटभराच्या पट्टीत ते सापडेलच असं नाही. चक्कर किती वेळ राहते, त्यांनी विचारलं. जास्त राहत असेल तर नागपूरला न्यावं लागणार होतं. शंकरला काहीच आठवेना. उत्तर थोरल्या भावाने दिलं, "उपाशी विणत राह्यते साहेब, म्हणून येते." दाराशी शंकरची बायको, आमच्या वहिनी, पदर ओढून उभ्या होत्या. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर बाईने तोंड उघडायचं नाही, ही त्या घरची रीत. मला ती ठाऊक होती. तरी मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं नाही. उलट शंकरच्या पाठीवर थाप मारली, "घडीसारखं चालून राह्यलं तुझं. जा, वीण."

तेरवीला गेलो. भाऊ बाहेर गेल्यावर वहिनी पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या.

"भाऊजी, तो कागद खोटा होता काय?"

"नाही वहिनी. खरा होता."

"मंग माग काहून थांबे? धागा तुटला का ते शिवी देत. हे मुकाट थांबणं होतं. जाऊन पाहो तं मान खाली. मी सैपाक करता करता मोजो. पयले चार मोजून होत, मंग सात. दवाखान्यात आणलं त्या सकाळी अकरा."

डॉक्टर जे विचारत होते ते या बाईला आकड्यानिशी माहीत होतं, आणि मी माझ्या कागदाच्या तोऱ्यात होतो. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता. तरीही न राहवून विचारलं, "आणि त्या दिवशी?"



"चाळीसपर्यंत मोजलं, भाऊजी... वाटे, आता सुरू होईन."