सात नंबरच्या गाडीत घेतलेलं नाव

आमचे हे कतारमध्ये वाळूत गाडी चालवतात. रस्त्यावर नाही, वाळूत. परदेशी पाहुणे एका दिवसासाठी मोटारसायकली घेऊन वाळूच्या डोंगरांवर चढतात, समुद्राच्या कडेपर्यंत जातात आणि दिवस मावळायच्या आत परत येतात. पुढं वाट दाखवणारा गाईड मोटारसायकलवर असतो आणि मागं यांची मोठी गाडी. तिच्यात पाणी, पेट्रोल, पाने-पक्कड, मलमपट्टीची पेटी आणि सगळ्यांचं जेवण. कुणी पडलं, कुणाचं चाक रुतलं, तर हे जाऊन सोडवतात.

मी दोह्यात, फरीज बिन ओमरान भागात एका पुण्याच्या कुटुंबात स्वयंपाकाला आहे आणि त्यांच्याच घरी राहते. हे कंपनीच्या खोलीत, आठ जणांबरोबर. एका देशात असून आमची भेट शुक्रवारी, आणि तीही यांना फेरी नसेल तरच. मग अल मन्सूरात चहा प्यायचा, थोडा किराणा घ्यायचा, मेट्रोच्या बाहेर बाकावर बसायचं. तेव्हा हे वाळूतल्या गोष्टी सांगतात. अमक्याची गाडी उलटली, तमक्याचा खांदा निखळला. हे हसत सांगतात. मी ते ऐकून घरी येते आणि पुढचे सहा दिवस भाजी चिरताना माझ्या डोळ्यांपुढं गाडी उलटत राहते.

एकदा मी हे बोलून दाखवलं. तेव्हा हे म्हणाले, "एकदा डोळ्यानं बघ, म्हंजे भ्या जाईल." यांनी त्यांच्या साहेबांना विचारलं. गाडीत पुढची जागा रिकामीच जाते, साहेब हो म्हणाले. थंडीचे दिवस होते. मी पहाटे उठून भाकऱ्या केल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली, फडक्यात बांधली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी यांचं नाव घेत नाही. आमच्या आईनं सांगितलं होतं की नवऱ्याचं नाव जिभेवर आलं की त्याचं आयुष्य तेवढं कमी होतं. ज्या ताईंकडे मी काम करते त्या आपल्या नवऱ्याला, घरच्या साहेबांना, नावानं हाक मारतात, अरे-तुरे करतात आणि साहेब ठणठणीत आहेत. मला ते दिसतं. तरी माझी जीभ वळत नाही. आम्हाला मूल नाही, त्यामुळं अमक्याचे बाबा असंही म्हणता येत नाही. मी इथं आले तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं नवऱ्याचं नाव विचारलं. मी पासपोर्टाचं शेवटचं पान उघडलं आणि नावावर बोट ठेवलं. आजपर्यंत माझं असंच निभावलं.

त्या दिवशी यांची नेहमीची पाच नंबरची गाडी सुरूच होईना. पाहुणे येऊन उभे राहिले होते. यांनी शेजारची सात नंबरची काढली आणि गडबडीत ऑफिसात सांगायचं राहून गेलं. मला तेव्हा यात काही विशेष वाटलं नाही.

डांबरी रस्ता संपला तिथं हे उतरले आणि चारी चाकांची हवा सोडायला लागले. फुस्स आवाज येत राहिला. आमच्याकडं चाकातली हवा गेली की माणूस कपाळाला हात लावतो. इथं मुद्दाम सोडतात. चाक पसरतं, मग वाळूत रुतत नाही. हे सगळं यांनी समजावलं, तरी तो आवाज थांबेपर्यंत मी कानांवर हात ठेवले. मग यांनी समोरचा वायरलेस दाखवला. "हे बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. डोंगराआड गेलं की फोन लागत न्हाई, ह्याच्यावर ऑफिसशी बोलता येतं." मी म्हटलं, "मला कशाला दाखवता?"

वाळूचा डोंगर चढताना समोर फक्त आभाळ दिसतं. पलीकडं काय आहे ते टोकावर गेल्याशिवाय कळत नाही आणि टोकावर गेल्यावर गाडी नाकावर पडल्यासारखी खाली जाते. मी भाकरीचं फडकं छातीशी धरून डोळे मिटले.

"अगं, डोळं उघड. लोकं पैसं भरून बघत्यात हे."

"लोक बघू देत. मी नाही भरले."

हे हसले. आमच्या पुढं चार मोटारसायकली होत्या. गाईड आणि तीन पाहुणे. एकाचं हेल्मेट लाल होतं. प्रत्येक चढावर मी चार मोजत होते.

दुपारी आतल्या समुद्राशी आलो. वाळूच्या डोंगरांच्या मधे शिरलेलं पाणी, निळं आणि गप्प. पलीकडं फिकट टेकड्या. "तो सौदी," हे म्हणाले. एवढ्या जवळ दुसरा देश बघून मला उगाच भीती वाटली. शेवटच्या डोंगराला वळसा घालून आमची गाडी आधी पोचली होती; त्यावरून तीन मोटारसायकली खाली आल्या. मी मोजत बसले, लाल हेल्मेट आलंच नाही. गाईडनं यांना हात केला आणि तिघंही वळून पुन्हा डोंगराआड गेले. थोड्या वेळानं त्यांचे आवाजही थांबले.

यांनी गाडी पाण्याच्या कडेला ओल्या पट्टीवर उभी केली. कोरड्या मऊ वाळूत थांबलं तर गाडी बसते. वळसा घालण्यापेक्षा चढून जाणं जवळचं, म्हणून पाणी आणि मलमपट्टीची पेटी घेऊन चालत निघाले. "दहा मिनिटं. काय बी झालं तरी गाडीतनं उतरायचं न्हाई." ते चढावरून वर गेले, टोकावर एकदा दिसले आणि पलीकडं उतरले.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. मग वारा सुटला.

आधी टोकावरून वाळूचा धूर निघाल्यासारखा झाला. मग डोंगरच दिसेना. गाडीच्या पुढं काठीवर झेंडा लावलेला असतो, लांबून दुसऱ्याला गाडी दिसावी म्हणून. तो फडाफडा वाजायला लागला. काचेवर वाळूचा सडा पडत होता. यांची पावलं चढावर स्पष्ट उमटली होती, ती माझ्या डोळ्यांदेखत भरली. चढ गुळगुळीत झाला. तिथून कुणी गेलंच नव्हतं असं वाटायला लागलं.

दुसऱ्या बाजूला पाणी वर येत होतं. गाडीपासून थोड्या अंतरावर शिंपल्यांची एक ओळ होती. ती बुडाली. मग ओल्या वाळूतली खेकड्याची बिळं एकेक करून बुडाली. मला गाडी चालवता येत नाही. भरती इथंच थांबेल की खिडकीपर्यंत येईल हेही मला माहीत नव्हतं.

एक तास झाल्यावर मी दार उघडलं. यांनी नको म्हटलं होतं तरी उतरले. पदर तोंडावर धरून चढाकडं दहा-बारा पावलं गेले आणि मागं बघितलं तर गाडी नाही. नुसती तांबूस हवा. मी जिथं होते तिथंच खाली बसले. झेंड्याच्या फडफडीवरून दिशा धरली आणि रांगत परत आले. दार लावून घेतल्यावर कळलं की मी मोठ्यानं "अहो, अहो" म्हणत होते.

मग वायरलेसकडं बघितलं. मी फोनवर सुद्धा परक्या माणसाशी बोलत नाही. दारावर गॅसवाला आला तरी ताईंना हाक मारते. पण दुसरं काही उरलं नव्हतं. मी ते हातात घेतलं, बटण दाबलं आणि नुसती रडले. बटण सोडायचं असतं हे विसरले. सोडलं तेव्हा आतून एक माणूस ओरडत होता, "कौन है? बटन छोडो! सब का लाईन बंद किया!"

मी समोर चिकटवलेला आकडा वाचला. "सात नंबर," मी म्हटलं.

"सात नंबर का ड्रायव्हर तो मेरे सामने बैठ के खाना खा रहा है. आप कौन?"

"मैं... उनकी घरवाली."

"किसकी घरवाली?"

मी बटण दाबलं आणि तसंच सोडलं. तो म्हणाला, "मॅडम, आज दो टूर बाहर है. एक उत्तर में, एक नीचे दक्षिण में. उत्तर वाले तक आवाज नहीं जाता. मैं गाडी किधर भेजूँ? ड्रायव्हर का नाम बोलो."

वायरलेसवर बोट ठेवता येत नाही.

मी पुन्हा रडले. तिकडं काहीतरी बोलणं झालं आणि दुसरा आवाज आला. मराठी होता, लातूरकडचा वाटला. "वहिनी, रडू नका. सात नंबर माझीच गाडी हाय, पण आज मला सुट्टी, कुणी नेली मला ठावं नाही. मी नवीन हाय हितं. तुमी कुठं हाव?"

"समुद्राजवळ."

"दोन्हीकडं समुद्रच हाय, वहिनी."

"मोटारसायकली आहेत."

"त्या बी दोन्हीकडं हायत. आडनाव सांगा."

मी आडनाव सांगितलं. तेवढं मला चालतं.

"अवो, आडनाव दोघा ड्रायव्हरचं एकच हाय. दोघं एकाच गावचे."

हे खरं होतं. दुसरे यांचे धाकटे चुलतभाऊ, यांनीच त्यांना इथं बोलावून घेतलं होतं. मी "मोठे" म्हणाले असते तर काम झालं असतं, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा काही सुचलं नाही. पाणी पुढच्या चाकाला लागलं होतं.

तो म्हणाला, "वहिनी, इथं कोण सासूबाई ऐकायला नाही. नाव घ्या."

नाव घ्या. हे शब्द मी लग्नात ऐकले होते. उंबरठ्यावर मला अडवून बायका तेच म्हणत होत्या. तेव्हा मी नाव घेतलं होतं, कारण उखाण्यात घेतलेलं नाव लागत नाही असं आई म्हणायची. मी बटण दाबलं, डोळे मिटले आणि वीस वर्षांपूर्वीचा उखाणा तसाच्या तसा म्हटला.

"तुळशीपुढं दिवा लावते सांजेच्या पारी, ... रावांची वाट बघते उभी राहून दारी."

बटण सोडलं. मग कुठल्यातरी दुसऱ्या गाडीतून कुणीतरी "वा!" म्हणालं आणि तो लातूरकडचा घाईनं बोलला, "कळालं वहिनी. खालची बाजू. निघालोच. गाडीत बसून ऱ्हावा." मागं तो पहिला माणूस "यल्ला, यल्ला" म्हणत सगळ्यांना पिटाळत होता.

त्यानंतरचा वेळ सगळ्यात वाईट गेला. आधी नुसती काळजी होती. आता वाटत होतं, नाव घेतलं ते मी. आई म्हणायची, उखाण्यात चालतं. पण उखाणा लग्नात, चार बायकांत, हळदीकुंकवाला. हा माणूस वाळूत नाहीसा झालेला असताना घेतलेल्या नावाचं काय? ते कशात धरतात? विचारायला आई नाही. मी चाकाभोवतीचं पाणी बघत बसले आणि मनात सारखं म्हणत होते, घेतलं ते चुकून, मोजू नका.

वारा पडायला लागला तेव्हा दोन झेंडे दिसले. लातूरकडच्या भाऊजींनी आमची गाडी पाण्यातून मागं घेतली. दुसरी गाडी डोंगराला वळसा घालून पलीकडं गेली. मी उतरून उभी राहिले. खूप वेळानं ती परत आली. तिच्यात एका गोऱ्या माणसाला झोपल्या जागी सरळ करत होते. त्याचा पाय फळीला बांधला होता. मग एकेक जण उतरला. सगळे सारखेच, पापण्यांपर्यंत पिवळे. मी यांना शोधत होते आणि मला हे सापडत नव्हते. तेवढ्यात हातात लाल हेल्मेट घेतलेला एक जण माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"भाकरी हाय का शिल्लक?"

मी भाकरी दिली. आम्ही गाडीच्या आडोशाला बसून खाल्ली. दाताखाली वाळू कचकचत होती.

पाहुण्याचा पाय मोडला होता. यांनी हात काढला की तो किंचाळायचा, म्हणून हे सगळा वेळ पाय धरून बसले होते. गाईडनं कुणालाच हलू दिलं नाही. वाळू उडत असताना जो नजरेआड होतो तो हरवतो, असा त्यांचा नियम आहे. गाईडच्या छातीवर छोटा वायरलेस असतो. त्यावरून बोलणं डोंगरापलीकडं जात नव्हतं, पण माझं ऐकू येत होतं.

"सगळं?" मी विचारलं.

"सगळं."

"रडले ते पण?"

"ते बी. तो पाहुणा कण्हत कण्हत इंग्रजीत विचारतोय, ही बाई काय गाती? मी म्हटलं, माझं नाव."

हे हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांच्या कपाळावरची वाळू पदरानं पुसली, चार माणसांसमोर, आणि मला त्याचीही लाज वाटली नाही.

त्याला आता एक वर्ष झालं. ड्रायव्हर मंडळी अजून यांना वायरलेसवर "दारी कोण उभं?" म्हणून चिडवतात. भीती काही गेली नाही. उलट पूर्वी मला वाळू माहीत नव्हती, आता माहीत आहे. एवढं झालं की हे निघताना फोनवर आवाज भरून पाठवतात, गाडी कितवी आणि बाजू कुठली. नाव मी पुन्हा कुणासमोर घेतलं नाही. या वहीतही टिंबंच दिली आहेत.

पण मागच्या आठवड्यात ताई बाहेर गेल्या होत्या. मी भांडी घासत होते. नळ सोडला आणि त्या आवाजात एकदा नाव घेऊन बघितलं. उखाणा नाही, राव नाही, नुसतं नाव. पुन्हा कधी वेळ आली तर जीभ अडू नये म्हणून. मग हात पुसून फोन ओट्यावर समोर ठेवला आणि उभी राहिले. हे त्या दिवशी खालच्या बाजूला गेले होते.

पावणेपाचला फोन वाजला. "पोचलो. सगळे चारी आले." मी ते तीन वेळा ऐकलं आणि मग कणीक भिजवायला घेतली.