उत्तनच्या वाळूत अडकलेला बोका

१. रविवारी मी मीरा रोडहून उत्तनला गेले.
२. एका मासेमारी बोटीच्या पुढच्या भागावर रंगवलेला बोका पाहिला.
३. बोका बोटीच्या नोंदणी क्रमांकावर बसला आहे.
४. क्रमांक दिसत नाही म्हणून बोट किनाऱ्यावर आहे. बाकीच्या गेल्या.

आमच्या पूनम सागर वसाहतीत राहणारा एक चित्रकार स्वतःला बोक्याच्या रूपात रंगवतो. अंगात मुघली जामा, गळ्यात युरोपातल्या सरदारांची पांढरी लेसची कॉलर. चेहऱ्यावर भाव असा, की दोन्ही संस्कृती त्याला विचारूनच जन्माला आल्या. ‘तरंगतं कलादालन, अवश्य भेट द्या’ अशी उत्तनच्या बोटीवरच्या चित्राबद्दलची त्याची पोस्ट वाचली. सुट्टी होती, गेले.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस घ्यावी. रिक्षावाले परतीचंही भाडं मागतात. मोरवा गाव मागे पडलं की इमारती विरळ होतात. बंदराजवळ तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी मिळते. उशिरा गेलात तर फक्त भाकरी.

कलादालन तरंगत नव्हतं. वाळूत उभं होतं, आणि त्याच्या सावलीत फिलोमिना आंटी जाळं दुरुस्त करत होत्या. बोट त्यांची आणि त्यांचे यजमान बस्त्यावकाका यांची.

“फोटो काढाला आली ना? काढ. सगले काढतात.”

मासेमारीच्या बोटीवर मांजर कसं चाललं, मी विचारलं.

“आर्टिस्ट बोलला, पूर्व आन पश्चिम एक करतो. मी बोलली, पश्चिमेला दर्या हाय, पूर्वेला बाजार. बोट दोन्हीकडची व्हती. आता कुठंच जात न्हाय.”

बोक्याच्या कौतुकात क्रमांक कुणाला आठवला नाही. तो थेट बंदरावरच्या तपासणीत आठवला.

“मग खरवडून टाका,” मी म्हटलं.

बोटीच्या काठावर बसलेल्या काकांनी नकारार्थी मान हलवली. “फादरनी बोटीला आशीर्वाद दिला, तवा पवित्र पाणी त्याच्या मिशांवर पडलं. आता खरवडू कसा? आन विचारल्याबिगर हात लावनार न्हाय, असा शब्द दिलाय आर्टिस्टला.”

“मासे चोरनाऱ्याला आशीर्वाद,” आंटी म्हणाल्या, “आन पकडनारा घरी.”

आर्टिस्ट फोन उचलत नाही. काकांनी त्याची नवी पोस्ट मला वाचायला लावली: ‘बोट आता विसावली आहे. विसावा हीच तिची कृती.’

“म्हंजे आमी बसून हाय, ती बी कला?” काकांनी विचारलं.

मी यंत्रांची ड्रॉइंग करते. टेप पर्समध्ये असते. बोटीवरच्या बोक्यालाही तीच पांढरी कॉलर आहे, ती मोजली. कॉलरवर क्रमांक पूर्ण मावतो, पांढऱ्यावर काळे आकडे लांबून वाचता येतात. बोका शाबूत, आशीर्वाद शाबूत. काकांना पटलं. शब्द मात्र दिलेला आहे.

घरी येऊन फोटो पाहिले. चित्र उत्तम आहे, हे नोंदवणं भाग आहे. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात आंटींची वाकलेली पाठ आली आहे. कापता आली असती, कापली नाही.

चित्रकार महोदय, पोस्टखालच्या कौतुकाला तुम्ही लगेच उत्तर देता, म्हणून हा लेख तिथेही टाकते आहे. कॉलरवर क्रमांक लिहायला काकांना तुमचा होकार हवा आहे. कृपया शुक्रवारपर्यंत कळवा.