वरची पेटी, खालची पेटी

नारपोलीत रंजिताच्या नावाने एक वाक्य फिरायचं. "रंजिता सासूला काडी उचलू देत नाही." हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाच्या मांडवात कुणी ना कुणी ते म्हणायचंच. रंजिता पदर सावरत म्हणायची, "त्यात काय एवढं." पण ज्या दिवशी ते कुणी म्हणालं नाही, त्या दिवशी तिला जेवण बरं लागत नसे.

घर दोन मजल्यांचं. खाली थोरला भूपेश, त्याची बायको रंजिता, कॉलेजात जाणारी दिशा आणि भूपेशची आई गुणाबाई. वर धाकटा मितेश आणि त्याची बायको मेघाली. मागच्या गाळ्यात भूपेशचे कापड विणायचे लूम. त्यांची खटखट भिंतीतून इतकी अंगवळणी पडलेली, की शुक्रवारच्या सुट्टीला ते बंद राहिले तर रंजिताला कानात दडे बसल्यासारखं व्हायचं.

अकलोलीहून लग्न होऊन आली तेव्हा रंजिता बी.ए. झालेली होती, पण तिला मासळी साफ करता येत नव्हती. ते गुणाबाईने शिकवलं. पुढे म्हातारीचं बोट एकदा कोयत्यावर आलं, तेव्हा रंजिताने कोयता आपल्याकडे घेतला. नजर अधू झाली तेव्हा तांदळाचं सूप घेतलं. हात थरथरायला लागून देवाजवळ तेल सांडलं, तेव्हा दिवा लावणंही घेतलं. "आई, तुम्ही बसा." गुणाबाई बसली. दुपारची जेवणं आटोपली की रंजिता तिच्याशेजारी येऊन बसायची, भाजी निवडायची, आणि गावभरच्या सगळ्या सुना-सासवा दोघी मिळून एकेक करून सोलायच्या. रंजिताच्या दिवसातला तो सगळ्यात गोड वेळ. ही बाई माझी आहे, असं तिला त्या वेळी वाटायचं. नवऱ्याबद्दलसुद्धा तिला इतकं ठाम कधी वाटलं नव्हतं.

मग वर पेटी आली.

मेघाली एका गोदामाच्या ऑफिसात कामाला. सकाळी डबा घेऊन जायची, दिवेलागणीनंतर स्कूटीवरून परत. अशी बाई मासे कशाला पाळेल, असं रंजिताला वाटलं होतं. पण वर दिवाणखान्यात काचेची लांब पेटी बसली, आणि महिन्या-दोन महिन्यांत तिच्यात बाग उभी राहिली. मागे रिबिनीसारखी लांब पानं पाण्याबरोबर डुलायची. मध्ये एका लाकडाला सुताने बांधलेलं रुंद पानांचं झाड. सूत आपल्याच गाळ्यातलं, हे रंजिताने एका नजरेत ओळखलं. आणि पुढे बारीक पानांचा एक झुपका, शेंड्याला लाल, कुंकवाचं बोट लावल्यासारखा. मासे त्यातून असे फिरायचे, जसे आपल्या वाडीतून फिरताहेत.

गुणाबाई एकदा बघायला म्हणून वर गेली. मग दुसऱ्या दिवशी गेली. मग जेवून हात धुतले, की तिची काठी जिन्याकडेच वळायला लागली.

"आई, आज मेथी निवडायचीये," रंजिता म्हणायची.

"निवड की. जुडी केवढीशी ती," गुणाबाई म्हणायची, आणि कठड्याला धरून वर.

खाली रंजिता एकटी. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, की तिच्या हातून देठंच पानांत पडायची. मेघाली तर घरातही नसते. म्हणजे सून घरात नाही, आणि तिची पेटी माझ्या सासूला घेऊन बसते. माणसाने माणसावर जळावं, त्याला निदान तोंड तरी असतं. काचेवर कसं जळायचं?

शेवटी एका संध्याकाळी तिने भूपेशला सांगितलं, "अहो, आपणपण फिशटँक घेऊया."

"वर आहे ना एक. बघ की वर जाऊन."

"वरची वर. दिशाला हवाय."

आतून दिशा म्हणाली, "मला नकोय." रंजिताने तिकडे लक्ष दिलं नाही.

पेटी आली. वरच्यापेक्षा वीतभर लांब, हे रंजिताने दुकानात टेपने मोजून घेतलं होतं. मासे आले, झाडं आली. मेघालीचा दिवा साधा पांढरा होता, म्हणून रंजिताने निळा-गुलाबी चमकणारा घेतला. पेटी लग्नाच्या हॉलसारखी दिसायला लागली. शेजारची उन्नती बघायला आली आणि म्हणाली, "डीजे कुठंय?"

पंधरवड्यात पानं फिकट पडली. झाडं खालून झडून काठ्या उरल्या. रंजिताने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. एक सांगायचा दिवा वाढवा, दुसरा सांगायचा कमी करा, तिसरा खत विकायचा. तिने पहिल्याचं ऐकलं, कारण ते तिला आधीच पटलेलं होतं. झाडं कशी लावायची हे सगळ्या गावात एकाच माणसाला नीट माहीत होतं, आणि त्या माणसाला विचारण्यापेक्षा रंजिताने पेटीत भात पेरला असता.

मेघालीने मात्र एकदा जिन्यावरून येता येता सहज डोकावून म्हटलं होतं, "ताई, ते रुंद पानाचं झाड वाळूत पुरलंय का? त्याचा कांदा वर ठेवायचा, नाहीतर सडतो."

"मुद्दामच पुरलंय," रंजिता म्हणाली.

झाड आठवड्यात सडलं.

"दिवा बदल," भूपेश म्हणाला. "हा फॅन्सी आहे नुसता." आणि त्याने गाळ्यातून कापड तपासायच्या टेबलावरची पांढरी पट्टी आणून पेटीवर बसवली. "याच्याखाली सुताची गाठ न गाठ दिसते. झाडाला दिसणार नाही व्हय?"

पट्टी लागली आणि खोली ऑपरेशनच्या खोलीसारखी उजळली. आता चालवायची किती? या घरात एकच हिशेब चालत आलेला. लूम जितका चालेल तितकं कापड. रंजिता पहाटे चहा ठेवताना पट्टी लावायची, आणि झोपायला जाताना बंद करायची. दोन्ही शिफ्टा भरून. वरच्या पेटीवर दिवा अर्धा दिवससुद्धा नसतो, हे तिने जिन्यातून पाहून ठेवलं होतं. तिला बरं वाटायचं. मेघाली कामाला जाते, तिच्या झाडांकडे बघायला कुणाला वेळ आहे.

तिच्या पेटीत वाढलं ते शेवाळ. आधी काचेला मिशा फुटल्या. मग दगडांना लोकर आली. मग पाणीच मेथी उकळल्यासारखं हिरवं झालं, आणि त्यात मासे अधूनमधून दिसायचे, शुक्रवारच्या बाजारातल्या ओळखीच्या माणसांसारखे. गुणाबाई पेटीजवळून जाताना थबकली, वाकून बघितलं, आणि काही न बोलता जिन्याकडे वळली. ते न बोलणं रंजिताला सगळ्यात जास्त लागलं.

तेव्हा तिला आठवलं, की चोरून लावलेलं झाड जगतं.

मनी प्लांटचं तर साऱ्या नारपोलीला ठाऊक. विकत आणला तर मरतो, शेजारणीच्या कुंडीतून गुपचूप फांदी आणली तर भिंत झाकतो. पाण्यातल्या झाडांना हा नियम लागू नसेल, असं कुठल्या व्हिडिओत सांगितलेलं नव्हतं. मेघालीच्या घराची किल्ली खालीच असायची. त्या दुपारी गुणाबाईचं जेवण चाललं होतं, रंजिताने काटा काढून दिलेली मच्छीसुद्धा सावकाश खायची तिला सवय. रंजिताने बादलीत दोन ओले टॉवेल टाकले आणि म्हणाली, "आई, गच्चीवर कपडे वाळत घालून येते."

वरच्या खोलीत अंधार. पडदे ओढलेले, पेटीवरचा दिवा बंद. काचेमागे झाडं काळी, झोपलेली. रंजिताने बाही वर सारली आणि पेटीत हात घातला. कोपरापर्यंत गार पाणी. एका माशाने येऊन तिच्या बांगडीला टोच मारली. लाल शेंड्यांचा झुपका बोटांना लागला. खाली चाचपून एक काडी धरली, नखाने खुडली.

तेवढ्यात खट्‌ झालं आणि पेटी उजळली.

रंजिताचा हात आत, काडी मुठीत, बांगड्यांभोवती मासे. दारातल्या बटणावर गुणाबाईचं बोट.

गाळ्यातली खटखट तेवढी जिन्यातून वर येत होती.

मग गुणाबाई आत आली, खुर्ची सरकवली, बसली. "बांगड्या आदी काडायच्या," ती म्हणाली. "मासं घाबरतान."

"आई, मी जरा... पान कुजलं होतं. ते काढत होते."

"कुजल्याला पान लाल नसतंय."

रंजिताने हात बाहेर काढला. पाणी फरशीवर टपटपत राहिलं. ती टॉवेल शोधायला लागली, टॉवेल बादलीत, बादली जिन्यात. शेवटी पदरालाच पुसलं. काडी मात्र टाकली नाही.

"तुम्ही इतक्या लवकर कशा आलात?" तिने विचारलं. "अजून जेवण..."

"येल झाली ना." गुणाबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे हनुवटी केली. "माजी ड्युटी हाय."

"कसली ड्युटी?"

"ही दिव्याची. मेघालीनं सांगितलंय. आई, मी असतंय गोदामात, मितेशचा काय भरवसा न्हाय. तुमी जेवलाव का दिवा लावायचा. दिवेलागण झाली का बंद करायचा. ना चिमटीभर दाना टाकायचा, जास्त न्हाय." म्हातारीने उजव्या हाताची तीन बोटं जुळवून दाखवली. तीच बोटं, जी देवाजवळ तेल सांडायची. आता चिमूट धरून स्थिर होती, किंवा रंजिताला तरी तशी दिसली. "मना इचारते रोज, आई, आज दिवा येलेवर लागला का. मी सांगतंय, लागला. शुक्रवारचाबी लागला. माज्या ड्युटीला सुट्टी न्हाय."

रंजिता पेटीकडे बघत राहिली. रिबिनीची पानं दिव्याखाली हळूहळू जागी झाल्यासारखी वळत होती.

"आनि तुजी पेटी," गुणाबाई म्हणाली, "दोन शिफ्टा चालते. लूमचाबी शुक्रवार असतंय, रंजिता. झाडाला रात नको? लय उजेड झाला का घरचं झाड खात न्हाय, बाहेरचं शेवाळच माजतंय."

"मग मला सांगायचं ना, आई."

"तू काय सांगू देतंस?" गुणाबाई सरळ आवाजात म्हणाली. त्यात राग नव्हता. "आई तुमी बसा. मंग मी बसतंय."

वाक्य एवढंच. पण सगळ्या गावाने इतकी वर्षं ओटीत घातलेलं दुसरं वाक्य रंजिताला आठवलं, आणि ते एकदम कुणीतरी टोमणा मारावा तसं ऐकू आलं. काडी उचलू देत नाही. कोयता घेतला, सूप घेतलं, दिवाही घेतला, आणि उरलेल्या बाईला दुपारभर शेजारी बसवून ती माझी म्हणत राहिले. ते तिला लागलंच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त लागलं ते हे, की ही गोष्ट मेघालीला कळली. काल आलेल्या, दिवसभर घराबाहेर असणाऱ्या, तांदूळही न पाखडणाऱ्या मेघालीला. तिला एक बटण दाखवायचं सुचलं, आणि मला एवढ्या वर्षांत सुचलं नाही.

ती खाली आली. मुठीतली काडी पाण्याच्या कपात उभी केली.

दुसऱ्या दिवशी तिने हिरवं पाणी उपसलं, काच घासली, गाळ्यातली पट्टी भूपेशला परत दिली आणि बाजारातून एक साधा पांढरा दिवा आणला, बेताच्या उजेडाचा. लाल शेंड्याची काडी वाळूत रोवली. रुंद पानांचं नवं झाड आणलं, ते वाळूत न पुरता लाकडाला सुताने बांधलं. ते कुणी सांगितलं होतं हे तिला आठवत होतं. आठवत नसतं तर बरं झालं असतं.

भूपेश म्हणाला, "टायमर आणतो. आपोआप चालू, आपोआप बंद. डोक्याला ताप नाही."

"टायमर नको," रंजिता म्हणाली.

"अगं, स्वस्त मिळतो."

"नको म्हटलं ना."

जेवताना तिने गुणाबाईच्या ताटात काटा न काढलेला तुकडा वाढला. म्हातारीने तुकड्याकडे बघितलं, मग सुनेकडे, आणि स्वतःच काटा काढायला लागली.

"आई," रंजिता भाताकडे बघत म्हणाली, "खालच्या पेटीचा दिवा लावायला मला आठवण राहत नाही. तुम्ही बघाल?"

"कंच्या टायमाला?"

"संध्याकाळी. वरचा बंद करून खाली आलात, की खालचा लावायचा. झोपेपर्यंत."

गुणाबाईचा हात ताटातच थांबला. "मेघाली घरी येते, ती येल ना?"

"झाडांना तीच वेळ मानवते, आई."

"झाडांना," गुणाबाई म्हणाली. दिशा ठसका लागल्यासारखी हसली आणि पाणी प्यायला उठली.

संध्याकाळी मेघालीची स्कूटी दारात थांबली. जिन्यात तिच्या चपला वाजल्या, मग थांबल्या. "आई? वर नाही आज? मी केळी आणलीयेत."

"ठेव वर. उद्या खाईन," खालून गुणाबाई म्हणाली. तिची खुर्ची पेटीसमोर, काठी भिंतीला, बोट बटणावर. "आता न्हाय जमायचं. मना दुसरी शिफ्ट हाय."

दिवा लागला. एकटी लाल काडी वाळूत जरा तिरकीच उभी होती. आत रंजिताने मेथीची जुडी सोडली, परात उचलली आणि सासूच्या शेजारी जाऊन बसली. जुडीचा अर्धा भाग तिने गुणाबाईच्या मांडीवर ठेवला. जिन्यातल्या चपला पुन्हा वर जायला लागल्या, तेव्हा तिने मान वळवून त्या नीट ऐकून घेतल्या.