रनिंग बॅकचा गुडघा आणि माझी स्टोरी
हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर परत हिंमत होणार नाही! बसमध्ये शेजारच्या बाईने बाम लावला आणि आमचं कॅनडातल्या विंडसरचं किचन आठवलं. आमच्या बेसमेंटमध्ये राहणाऱ्या प्रो अमेरिकन फुटबॉलमधल्या रनिंग बॅकच्या, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्या खेळाडूच्या, सुजलेल्या गुडघ्याला आई बाम चोळत होती. “आंटी, कोचला कळलं तर आय ॲम डन,” तो म्हणाला. “मग पळतोस कशाला, मेल्या!” आई मराठीतच ओरडली. मला इतकं हसू आलं की मी व्हिडिओ काढून इन्स्टाच्या स्टोरीला टाकला. कुणीतरी तो कोचला पाठवला आणि टीमने त्याला काढलंच. बॅगा भरताना त्याने विचारलं, “हू टोल्ड देम?” आई छातीठोकपणे म्हणाली, “नॉट फ्रॉम अवर हाऊस, बेटा!” आणि मीही मान डोलावली. आईला अजून खरं सांगितलेलं नाही. तुमच्या हौसेपायी कुणाचं असं वाटोळं झालंय का हो?