तिसरं नाव

आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींना भ्याले, पण इस्रायलात लोद गावातल्या पहिल्या दोन वर्षांत जशी भ्याले तशी कधीच नाही. आम्ही मुंबईहून बासष्ट साली आलो. नवरा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला यहुदी, विमानांच्या वर्कशॉपात फिटर. मी नगरकडची प्रॉटेस्टंट ख्रिस्ती. लग्न केलं तेव्हाच माहेरानं माझं नाव टाकलं होतं. इथं उतरल्यावर धर्माच्या रकान्यात नवऱ्यानं तो, मी आणि मुलगी, आम्हा तिघांपुढे 'यहुदी' लिहिलं आणि मला म्हणाला, "आता ते जुनं विसर." जसा काही धर्म म्हणजे बसमध्ये राहिलेली छत्री.

त्याच सुमारास बेने इस्रायलींच्या लग्नांआधी रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, कचेरीत चौकशी होऊ लागली. यहुदीपण आईकडून येतं, म्हणून आई कोण, आईची आई कोण, तिची आई कोण. आमची माणसं संतापली, सभा भरल्या, आणि त्यांचा संताप खरा होता. पिढ्यान्‌पिढ्या शनिवारचा शब्बाथ पाळलेली माणसं ती. त्या सभांत मी शेवटच्या बाकावर बसायची. माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मी कोण हे बाहेर पडलं असतं तर ते मोडलं असतं, आणि का मोडलं हे तिला माझ्याच तोंडून ऐकावं लागलं असतं. तिला मी काहीच सांगितलेलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर एक जोडपं राहायला आलं. नवरा ठाण्याचा बेने इस्रायली, बायको तरुण, बोलण्यात वसई. एकदा मी पीठ मागायला गेले तर ती कणीक मळत होती. गोळा झाल्यावर तिनं अंगठ्यानं त्यावर क्रूस काढला आणि फडकं टाकलं. रोमन कॅथलिक घरांत बायका असं करतात हे मला ठाऊक होतं.

"पूस ते आधी," मी म्हटलं. "दुसरं कुणी आलं असतं तर?"

ती पांढरीफटक पडली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "अक्का, तुम्हाला कसं कळलं?"

लहानपणी मला शिकवलेलं, रोमन लोक मूर्तींना भजतात. तिला शिकवलेलं, आमच्यासारखे वाट चुकलेले. आता आम्ही दोघी रविवारी दुपारी खिडकी लावून, रेडिओ मोठा करून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणू लागलो. ती 'वाइटापासून सोडव' म्हणून थांबायची, मी 'राज्य, सामर्थ्य आणि गौरव' घेऊन पुढे जायची. "अक्का, तुमचा आमेन यायला फार उशीर," ती हसायची. तेवढं सोडून आमच्यात भांडायला काही उरलं नव्हतं. जिन्यात पाऊल वाजलं की दोघींचे हात एकदमच रेडिओकडे जायचे.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात सातव्या महिन्यातच ती बाळंत झाली. मुलगी झाली, ओंजळीएवढी. आईला ताप, उठायची बंदी. हॉस्पिटलात मी तिची बहीण असं सांगितलेलं, म्हणून तिचं दूध काढून लहान मुलांच्या खोलीत न्यायचं काम माझ्याकडे आलं. त्या शनिवारी शब्बाथमुळे बस नव्हती, मी उन्हात चालत गेले. डॉक्टरांनी बाळाची आशा सोडली होती. तिनं माझं मनगट धरलं.

"अक्का, बाप्तिस्मा द्या तिला."

"मी? आमच्यात पाळकच देतात गं."

"आमच्यात मरणाच्या घाईला कुणीपण देऊ शकतो. पाणी घाला आणि तिन्ही नावं घ्या. फादरला बोलावलं तर सासरी सगळं कळेल. तुमच्याशिवाय कोण आहे मला?"

मी गेले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दुधाच्या कपात नळाचं पाणी घेतलं. बाळाच्या कपाळावर थेंब सोडले. पित्याच्या नावानं, म्हटलं. पुत्राच्या नावानं, म्हटलं. तेवढ्यात मागे दार वाजलं आणि तिसरं, पवित्र आत्म्याचं नाव तोंडातच राहिलं.

नर्स होती. अरब, मध्यम वयाची. तिनं कप बघितला, ओलं कपाळ बघितलं. "काय करतेस?" तिनं हिब्रूत विचारलं.

"काही नाही. घाम पुसत होते," मी म्हटलं. "मी यहुदी आहे." हे तिनं विचारलंच नव्हतं. पेत्रानं येशूला तीनदा नाकारलं, माझं एकदाच पुरेसं झालं.

तिनं दार लावलं, स्वतःवर क्रूस केला, आधी उजवा खांदा, मग डावा, वसईकरीण करायची त्याच्या उलट; म्हणजे तिसऱ्याच पंथाची ख्रिस्ती. माझ्या हातातून कप घेतला आणि बाळाच्या कपाळावर तीनदा पाणी घालून अरबीत हळूच काहीतरी म्हणाली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, घाई न करता. नंतर कप धुऊन माझ्या हातात दिला आणि दार उघडलं. मी तिथून अक्षरशः पळाले.

"तिन्ही नावं घेतलीत?" वसईकरणीनं विचारलं.

"घेतली," मी म्हटलं.

संध्याकाळी बाळ गेलं. चौसष्टमध्ये माझ्या मुलीचं लग्न झालं. नवऱ्यानं कागद कसे जमवले ते मी विचारलं नाही. ती नर्स कुणाला काही बोलली नाही. तिच्याकडे जाऊन आभार मानायचंही धैर्य मला झालं नाही.

पुढं वरच्या मजल्यावरचे लांब दक्षिणेला, एलातला राहायला गेले. निघताना वसईकरीण जिन्यात थांबली, माझा उजवा हात हातात घेऊन त्याचा मुका घेतला. "ह्या हातानं माझी पोर देवाघरी पोचली," ती म्हणाली. मी हात सोडवून घेतला नाही.