पाटीला लागलेले हात

उमेळे गावची आल्बिना चालायची तेव्हा तिची मान डावीकडे कललेली असायची. लोकांना वाटे, जन्माचीच खोड. पण तसं नव्हतं.

केळ्यांनी भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. समोरून कुणाचातरी हात लागतो. बाई पाटीशी उभी राहिली, की जवळची बाई हातातलं काम टाकून येते, ही आमच्या वाड्यांतली रीत. लग्न होऊन आल्यापासून आल्बिनाला तिची धाकटी जाऊ एमिली हात लावी. मग भावाभावांत वाडी वाटली गेली आणि बांधावरच्या एका माडावरून दोघींचं बोलणं तुटलं. विहीर तेवढी सामाईक राहिली. सकाळचं पाणी आल्बिनाचं, दुपारचं एमिलीचं. तेव्हापासून आल्बिना रिकामी पाटी विहिरीच्या कठड्यावर ठेवी, फणी-फणी करून तिथेच भरी, मग वाकून पाटीच्या कडेखाली डोकं घाली आणि मान डावीकडे कलवून कण्हत उठे. मान मग तशीच राहिली.

शहात्तर साली गावातल्या मार्सेल मास्तरांकडे मुंबईचा एक चित्रकार येऊन राहिला. कामातल्या बाया काढायचा. सकाळी त्याने आल्बिनाला काढलं, दुपारी एमिलीला. दोघींत बोलणं नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तयार चित्र त्याने मास्तरांच्या ओटीवर वाळत ठेवलं. केळी पोचवून परतताना आल्बिना तिथे थांबली. लाल लुगड्यांतल्या दोन बाया, मागे केळींचा हिरवा काळोख. तोंडांना नाक-डोळे नव्हते. पण एकीची मान कललेली होती, आणि दुसरी तिच्या पाटीला दोन्ही हात लावून उभी होती.

"हे कधी पाहिलंत तुम्ही?" तिने विचारलं.

"पाहिलं नाही, बाई. एकेकट्या बऱ्या दिसेनात, म्हणून जवळ आणल्या."

"रंगाने जवळ आणणं सोपं असतं," आल्बिना म्हणाली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने पाटी कठड्यावर ठेवलीच नाही. जमिनीवरच भरली आणि शेजारी बसून राहिली. ऊन डोक्यावर आलं, तशी एमिली कळशी घेऊन आली.

"आता पाणी माझं."

"घे की."

"मग तू का बसलीस?"

"वाकवत नाही गो आता."

एमिलीने कळशी भरली. मग पाठमोरीच म्हणाली, "ते चित्र मीपण बघितलं. मेल्याने माझे हात केवढे लांब काढलेत! माकडिणीसारखे."

"मग आखूड हात लावून बघ."

एमिलीला हसू आलं, ते तिने पदरात दाबलं. कळशी खाली ठेवून ती समोर आली. पाटी उचलताना म्हणाली, "माड माझाच आहे हां, बाय."

"असू दे. नीट धर."

आल्बिना पाटी घेऊन वाटेला लागली. ओझं तेवढंच होतं. उन्हाने केळी मऊ पडली होती, व्यापारी कुरकुरणार होता. पाटी डोक्यावर सरळ बसली होती, मान मात्र डावीकडेच कलत होती.