शनिवारचा युरोप

पंचेचाळिशी उलटल्यावर मला इतिहासात एम.ए. करायची हौस आली, आणि पाश्चात्त्य संस्कृतीच्या पेपरने नाकी नऊ आणले. पनवेलला आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक मावशी एकट्या राहायच्या. कोकणातल्या ज्यू, निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, "दर शनिवारी येत जा."

शनिवार हा त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी गॅस पेटवायचा नाही, की काही लिहायचं नाही. म्हणून मीही वही आणायची नाही, असा हुकूम. शुक्रवारीच भरून ठेवलेल्या थर्मासमधला चहा प्यायचा आणि अथेन्सपासून महायुद्धांपर्यंत सगळं तोंडी म्हणायचं. मी चुकले की त्या भुवया उंचावायच्या, आणि मी चिडायचे.

एकदा माझं पुस्तक चाळून म्हणाल्या, "यात आम्ही दोनदाच येतो. सुरुवातीला धर्म म्हणून, शेवटी कत्तल म्हणून. मधल्या काळात आम्ही इकडे घाण्यावर तेल गाळत होतो, आणि कुणी आमच्या वाटेला गेलं नाही. हे कुठल्या धड्यात घालायचं, सांग."  

परदेशातली मुलगी त्यांना कायमचं बोलावत होती. "हिची परीक्षा झाली की निघते," असं त्यांनी तिला फोनवर माझ्यासमोरच सांगून टाकलं.

मग मी लबाडी केली. परीक्षेचा फॉर्मच भरला नाही, आणि तारीख पुढे गेलीय म्हणून खुशाल ठोकून दिलं. मला त्या जायला नको होत्या. माझी आई गेल्यापासून मला इतकं हक्काने कुणी रागावलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. विद्यापीठाची नोटीस मोबाईलवर उघडून ठेवली होती. फॉर्मची मुदत उद्या संपत होती.

"बाई गं, खोटं बोलायला तुला जमत नाही," त्या म्हणाल्या. मग मोबाईल माझ्यापुढे सरकवत, "मला तरी कुठे जायचंय? पण नात मराठी विसरत चाललीय. फोनवर नुसती हसते. आणखी एक वर्ष गेलं, तर तिकडे जाऊन मी तिच्याशी बोलू काय?"

मी तिथेच बसून मोबाईलवर फॉर्म भरला. डोळ्यांतल्या पाण्याने अक्षरं दिसत नव्हती. शेवटचं बटण दाबायला मात्र माझा हात धजेना.

ते मावशींनीच दाबलं.